इंजिन तापेपर्यंत

रविवारी सकाळी दामलेकाका आपल्या जुन्या निळ्या गाडीच्या चाकाखालची वीट काढत. हँडब्रेक ओढून गाडी दिवसचे दिवस उभी ठेवली, तर इथल्या ओल्या हवेत ब्रेक धरून बसतात. म्हणून ते गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावत. वीट फडक्यात गुंडाळून डिकीत जायची, मग टायरची हवा, वायपरखालची पानं, इंजिनचं तेल, सगळं तपासून व्हायचं. नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावातल्या आमच्या गल्लीत कोरोनाच्या काळात सगळ्यांच्या गाड्यांवर शेवाळ चढलं होतं. काकांची तेवढी लग्नाला निघाल्यासारखी चकचकीत असायची.

आमच्या घरांची भिंत एकच, पण धड बोलणं व्हायला माझी गाडी बंद पडावी लागली. ऑफिस घरात आल्यापासून मी रोज सकाळी चहाला आधण ठेवलं की खाली जाऊन पाच मिनिटं गाडी सुरू करायचे आणि बंद करायचे. पुण्याला बाबा स्कूटरला रोज एक किक मारून ठेवायचे, त्यातलाच प्रकार. एक दिवस गाडीनं नुसतं टकटक केलं. काका केबल घेऊन आले, आपल्या बॅटरीवर माझी गाडी सुरू करून दिली आणि वर ऐकवलं, "गाडी म्हणजे देव्हारा नव्हे, रोज दिवा लावला की झालं असं म्हणायला. सुरू करताना बॅटरी जेवढी खर्च होते, तेवढी पाच मिनिटांत भरत नाही. रस्त्यावर ने तिला. इंजिन आतपर्यंत तापलं पाहिजे." मला रागच आला. मदत करायची तर करावी, तोंड कशाला वाजवायचं? पण गाडी सुरू झाली होती, त्यामुळे आभार मानले.

काका तीस वर्षांपूर्वी शेजारच्या आइंडहोव्हनला इंजिनिअर म्हणून आले आणि इथेच निवृत्त झाले. काकू वारल्या होत्या. एकुलती मुलगी ऋजुता दीड तासावरच्या हार्लेमला, जावई डच. मुलीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही आपली जुनी रीत. पुण्यात ती कधीच मोडीत निघाली. पण देश सोडून आलेली माणसं निघाली त्या वर्षीचाच देश सांभाळत बसतात. काकूंनी ती रीत पाळली, आणि त्या गेल्यावर त्यांच्यासाठी म्हणून काकांनी पाळली. हार्लेमला जाताना डबा आणि चहाचा थर्मास बरोबर. जावयानं हौसेनं सफरचंदाचा केक करावा आणि सासऱ्यानं शेजारी बसून पोळीभाजीचा डबा उघडावा, असं दहा वर्षं चाललं. वर गंमत म्हणून म्हणायचे, "नातवंड होऊ दे, मग वाढ ताट. उठायचं नाव घेणार नाही."

ऋजुताला ती गंमत कशी लागत असेल! मधल्या वर्षांत तिचे दोन गर्भ पडले होते. तिनं घरी सांगितलं नाही, आणि काकांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

कोरोनाच्या पहिल्याच हिवाळ्यात तिला मुलगा झाला. काकांनी फोन केला, आता येतो जेवायला म्हणाले. ती म्हणाली, "म्हणजे आता माझं घर जेवण्यालायक झालं का, बाबा?" मग तिनं शांतपणे समजावलं. दिवसाला एकच पाहुणा घरात घेता येतो, बाळाला सांभाळायला सासूबाई येतात, तुम्हाला मधुमेह, वय झालेलं, तेव्हा सध्या नको. त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. टायरमध्ये हवा भरता भरता काकांनी मला हे सांगितलं. "सध्या नको म्हणाली, कधीच नको नाही म्हणाली," ते म्हणाले. "गाडी तयार पाहिजे. बोलावणं यायचं आणि हीच अडायची, असं नको व्हायला."

वसंत सरता सरता काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गाडी चालवायला डॉक्टरांची बंदी, आणि रविवारची फेरी तर चुकवायची नाही. मला म्हणाले, तू चालव. दोघांनी मास्क लावले, काचा उघड्या ठेवल्या आणि निघालो. जवळच्या डेन बॉशपर्यंत जाऊन परत फिरायचं, अशी माझी समजूत. तिथं मी वळायला लागले तर म्हणाले, सरळ घे. उट्रेख्तही मागे पडलं.

"काका, अजून तापलं नाही का इंजिन?"

"त्याला हार्लेमपर्यंत लागतं," ते म्हणाले.

तिथं त्यांनी एका कालव्याच्या काठावर झाडाखाली गाडी लावायला सांगितली. जागा ठरलेली दिसत होती. इथल्या लोकांना पडद्यांचं वावडं, त्यामुळे पलीकडच्या काठावरच्या घराच्या मोठ्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. ऋजुता, तिचा नवरा, त्याची आई, उंच खुर्चीत बाळ. काकांनी डबा मांडीवर घेतला, पण उघडला नाही. ती माणसं जेवायला बसली तेव्हा उघडला. "आजपण ब्रेडच," असं पुटपुटत मला पोळी आणि मुगाची उसळ दिली. गुळांब्याची एक बरणी त्यांनी समोर काचेपाशी ठेवली होती. मी हात पुढे केला तर म्हणाले, "ती ऋजूची. लहानपणी बोटं घालून खायची." पलीकडे सासूबाई बाळाला चमच्यानं भरवत होत्या. काका त्यांच्याकडे बघत एकेक घास चावत होते. मला दोघांचाही संताप आला, बापाचा आणि लेकीचाही.

मी म्हटलं, चला, मी वाजवते बेल.

"दहा वर्षं तिनं ताट वाढलं आणि मी डबा उघडला," काका म्हणाले. "आता तिची पाळी आहे. ती बोलावेल तेव्हा जाईन. आणि हे कुणाला सांगायचं नाही, कळलं?"

परतीच्या वाटेवर त्यांनी मला ब्रेक अधूनमधून कसा दाबत राहायचा ते शिकवलं. त्यानं डिस्कवरचा गंज निघतो. बरणी त्यांनी परत डिकीत, विटेशेजारी ठेवली.

पुढे निर्बंध सैल झाले, लोक एकमेकांकडे जायला लागले. हार्लेमचं 'सध्या' काही संपलं नाही. हिवाळ्यात काकांना कोरोनानं गाठलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना त्यांनी मला किल्ली दिली आणि रविवार चुकवू नकोस म्हणाले. मी चुकवला नाही. ऋजुताला शेवटच्या दिवशी आत सोडलं, तेही डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून. काकांनी तिला ओळखलं नाही.

गाडी तिच्याकडे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी रविवारीच नेली आणि या वेळी कालवा ओलांडून थेट तिच्या दारात लावली. तिनं किल्ली फिरवून पाहिली. पहिल्या झटक्यात सुरू झाली. "बाबांना गाडी बरोबर कळायची," ती म्हणाली. 'माणसं नाही' हे पुढचं ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं. मग तिनं मला जेवायला बसवलं, त्याच टेबलाशी. वरणभात वाढता वाढता म्हणाली, "शेवटपर्यंत माझ्या घरी जेवले नाहीत. रीत म्हणे. एवढा अपमान मी कुणाकडून करून घेतला नाही."

कुणाला सांगायचं नाही म्हणणारा माणूसच आता उरला नव्हता.

"जेवायचे," मी म्हटलं. "पुष्कळदा. ते पलीकडचं झाड दिसतंय ना, त्याच्याखाली गाडीत बसून. तुम्ही टेबलाशी बसलात की डबा उघडायचे."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. झाडाखाली कुणाची तरी सायकल टेकवलेली होती. बाळ खुर्चीवर चमचा आपटत होतं. तिनं विचारलं, "काय असायचं डब्यात?"

"पोळी, उसळ. आणि तुझ्यासाठी गुळांब्याची बरणी. दर वेळी तशीच परत न्यायचे. डिकीत आहे, विटेशेजारी."

ती किल्ली घेऊन कोट न घालताच बाहेर गेली. काचेतून मला डिकीचं उघडं झाकण दिसत होतं आणि त्याच्याआड वाकलेली तिची पाठ. ती पाठ सरळ होईना. तिची कीव यायला हवी होती, पण मला काकांची उसळ आठवत होती. भात निवत चालला होता. मी तो काकांच्या वाटचाही समजून शेवटच्या शितापर्यंत जेवले आणि दुसऱ्यांदा मागून घ्यायला ती परत यायची वाट बघत बसले.