पोस्टरवरची माय

तुमच्या आईचा चेहरा गावभर भिंतींवर चिकटला आणि त्याखाली ‘आंधळेपणा’ असं छापलेलं असलं, तर ते चित्र कोरणाऱ्याचं तुम्ही काय कराल?

तो कोरणारा मीच.

नव्वदीच्या सुरुवातीला मी धुळ्यात एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. आमच्या वस्तीत पुस्तकं नव्हती, दलित चळवळीची पत्रकं होती. त्यांच्यावरच मी वाचायला शिकलो. लिनोवर, म्हणजे छपाईच्या मऊ लिनोलियमवर, चित्रं कोरायलाही शिकलो.

साक्षरतेच्या प्रचारासाठी पोस्टर हवं होतं. समितीचे प्रमुख म्हणजे देवपूरचे एक प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांना चित्रात निरक्षर बाई हवी होती. छापखान्याचे शेठ माझ्याकडे बोट करून म्हणाले, “लांब कशाला जायचं सर? याची माय आहे ना. पक्की अंगठेबहाद्दर!”

सगळे हसले. दिवसभर स्वाभिमानाची पत्रकं जुळवणारा मी. मीही हसलो.

घरी मायला म्हटलं, तुझं चित्र काढायचंय. तिनं तोंड धुतलं. लग्नाकार्याला नेसायचं लुगडं नेसली, पदर डोक्यावर नीट घेतला. तासभर हलली नाही.

सरांनी चित्र पाहिलं. “चेहऱ्यावर काय अज्ञान उतरलंय, वा! फक्त पदर जरा फाटका दाखव.”

मी पदर फाडला. दोन कापांत काम झालं. लिनोत एकदा कापलेलं पुन्हा भरत नाही. जे कापाल ते कागदावर पांढरं उमटतं. पदरातली ती पांढरी चीर मी पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्रावर दिवसभर छापली. खाली जाड अक्षरं: अंगठा म्हणजे आंधळेपणा.

आठवड्यानं माय बाजारातून आली ती फुलूनच. तिच्याबरोबर मिरच्या निवडणाऱ्या बायांनी तिला चिडवलं होतं, “ओ अक्का, तू ते भितडावर शे!” तिनं माझा हात धरून मला त्या भिंतीपाशी नेलं.

“काय लिखेल शे? वाच.”

खोटं सांगता आलं असतं. ‘शिका’ एवढंच लिहिलंय, म्हणालो असतो तर ती खूश राहिली असती. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी वाचलं.

तिनं भिंतीवरच्या पदरावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “मना पदर कव्हय फाटेल व्हता रे?”

मी ती चीर तळहातानं झाकली.

“आनि माले शायामा कोन बसू दिधं व्हतं? ते बी लिख.”

शाळेत बसू कुणी दिलं होतं, एवढं विचारून ती चालू लागली. मी मागे.

पुढच्या आठवड्यात सर आणखी प्रती मागायला आले. मी म्हणालो, “हे पोस्टर मी छापणार नाही.”

“अरे, तुमच्याच लोकांसाठी चाललंय हे सगळं. उपकार मानायचे राहिले बाजूला!”

“माझी माय आंधळी नाही, सर. ज्यांनी तिला शाळेच्या दारातून हाकललं, ते चांगले डोळस होते.”

शेठ ओरडले, “उद्यापासून येऊ नको!”

लिनो माझा होता. मी तो त्यांच्यासमोर मधोमध कापला आणि घरी आलो.

नवा तुकडा घेतला. तोच चेहरा, पदर अख्खा. खाली तिचंच वाक्य, तिच्याच बोलीत: माले शायामा कोन बसू दिधं व्हतं? यंत्र नव्हतं. शाई लावायची, कागद ठेवायचा, कागदाच्या पाठीवरून वाटी घासायची. चिकटवायची खळ मायनंच शिजवली.

लोक ती पोस्टरं फाडायचे. आम्ही पुन्हा लावायचो. ते पुन्हा फाडायचे. खांदे दुखून यायचे, वाटी घासून तळहात सोलवटायचा. माय अक्षरं शिकायला गेली नाही. मी तिला कधी विचारलंही नाही. दमून गेलो होतो. अजूनही दमलेलाच आहे. पण आमच्या माणसाला लाज वाटावी असा एक शब्दही त्यानंतर माझ्या हातानं कोरला नाही, कोरणार नाही.

तुम्हीही कुणाच्या तरी भल्यासाठी पोस्टर काढत असाल. एक करा. छापायच्या आधी कच्ची प्रत घेऊन ज्याचं चित्र काढलंय त्याच्याकडे जा. मोठ्यानं वाचून दाखवा. तो सांगेल ते लिहा. तो नको म्हणाला, तर छापू नका.