वडिलांचा माउथपीस आणि माझा व्हर्नियर

माझी सगळी नोकरी आनंदनगरच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. कुणी "एकदम चांगलं आहे" म्हटलं की माझा हात आपोआप खिशातल्या व्हर्नियरकडे जातो. बायको म्हणते, तुम्ही एक दिवस पोळीचीही जाडी मोजाल. मोजली आहे.

निवृत्तीनंतर हा संशय ट्यूबाच्या, म्हणजे बँडमधल्या त्या अवजड पितळी वाद्याच्या, माउथपीसकडे वळला. पार बदलापूरचे बँडवाले आपापले जुने माउथपीस दाखवायला आणतात. प्रत्येकाचा म्हणे ब्रिटिशांच्या काळातला! मी कुणाचंच ऐकत नाही. मी पाहिलेल्या जुन्या विलायती मालाची वाद्यात बसणारी दांडी बारीक असते, कंपनीच्या नावाची अक्षरं एकेक ठोकलेली, म्हणून जरा वाकडी. दांडी जाड आणि अक्षरं सरळ दिसली की मी तो माल कालपरवाचा समजतो.

वडिलांचा मात्र अस्सल होता. ते अंबरनाथच्या एका बँडमध्ये वाजवायचे. ट्यूबा बँडचा, माउथपीस तेवढा त्यांचा स्वतःचा. बारीक दांडी ट्यूबात ढिली बसायची, म्हणून ते तिला दोरा गुंडाळायचे. त्यांच्या ओठांना लागलेली ही एकच वस्तू माझ्याकडे उरली आहे.

चांदी उडून पितळ दिसायला लागलं होतं. त्यांच्या स्मृतिदिनाला फोटोपुढे ठेवायचा म्हणून मी तो उल्हासनगरला एका म्हाताऱ्या सिंधी पॉलिशवाल्याकडे चांदीचा मुलामा द्यायला दिला. चौथ्या दिवशी आणायला गेलो. माउथपीस लखलखत होता. दोरा नव्हता, अक्षरं नव्हती. दांडी मोजली, तर चांगली जाड. माझं डोकंच फिरलं.

"ये मेरा नहीं है," मी ओरडलो. "असली रख लिया और डुप्लिकेट पकडा दिया. चोर कहीं के!"

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. मला ती हवीच होती, साक्षीला.

"साईं, धागा कब तक लपेटोगे?" म्हातारा म्हणाला. "ऊपर पीतल की नली चढाई है, मेरी तरफ से. अक्षर घिसाई में गए."

"सब ऐसा ही बोलते हैं."

म्हाताऱ्याने गॅसचा बर्नर पेटवला, माउथपीस चिमट्यात धरला आणि दांडी तापवायला लागला. नवी चांदी काळी पडत गेली. मी थांबवलं नाही. जोडाला लावलेलं कथील वितळलं तशी त्याने नळी ओढून काढली. आत बारीक दांडी होती. दोरा सरकू नये म्हणून वडिलांनी सुरीने मारलेले आडवेतिडवे चरे तिच्यावर जसेच्या तसे होते. लहानपणापासून पाहिलेले. मी मोजायला गेलो नाही.

त्याने माउथपीस पाण्यात बुडवला, पुसला आणि कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांची वस्तू मीच काळी करून घेतली होती, तीही एका भल्या माणसाच्या हातून. माफी मागायची सोडून मी घाईघाईने पैसे काढून पुढे केले.

त्याने ते माझ्याकडे परत सरकवले.

"रख लो," तो म्हणाला. "चोर को मजदूरी कौन देता है?"