आबांचे जाहीर आभार

आमच्या आबांनी आयुष्यात एकच भाषण केलं, आणि तेव्हापासून माझी बायको तलवाड्यातच आहे.

भाषण तलवाड्यात झालं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. तिकडं भाषणं ज्वारीपेक्षा जास्त पिकतात. पण आबांनी ते केलं पुण्यात, माझ्या साहेबांच्या दिवाणखान्यात, व्हायोलिन आणि व्हायोलाच्या जोडवादनाच्या कार्यक्रमात! (व्हायोला म्हणजे काय हे मलाही त्याच दिवशी कळलं. दिसायला व्हायोलिनसारखाच, अंगानं जरा थोराड आणि आवाज असा, की जणू थोरल्या भावाचा घसा बसलाय.)

त्या बंगल्यात मी स्वयंपाक करतो, गाडी पुसतो, झाडांना पाणी घालतो आणि उरलेल्या वेळात घाबरतो. शाळा सातवीत सुटली, मग मेंढरांमागं हिंडलो, मेंढरं विकली तेव्हा इकडं आलो. साहेब-मॅडमनी ठेवून घेतलं, दोन वेळचं पोटभर दिलं. उपकारच आहेत. दिवसभर माझं इतकं ‘थँक्यू मॅडम’ चालतं की एकदा कुकरची शिट्टी झाली तरी तोंडातून तेच निघालं!

गॅरेजमागं एक खोली रिकामी होती. म्हणजे आत तुटक्या खुर्च्या आणि व्यायामाची बंद सायकल राहत होती. ती खोली मिळाली तर बायकोला, रुक्मिणीला, आणि पोरीला आणता येईल, पोरगी जूनमध्ये इथल्या शाळेत बसेल, एवढंच माझं मागणं. कितीतरी महिने धीर गोळा करून एकदाचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, “बघू हं, भागवत. आधी शनिवारचा कार्यक्रम नीट पार पडू दे, मग शांतपणे बोलू.”

मी गावाकडं फोन लावला आणि म्हणालो, “बोलणं चालू हाय.” तलवाड्यात ते बोलणं पारापासून आमच्या दारापर्यंत पोचेस्तोवर खोली मिळाली, तिला रंग लागला आणि आत पंखाही फिरायला लागला. शनिवारी दुपारी फाटक उघडतो तर समोर आबा! डोक्यावर सुनेची ट्रंक, खांद्याला पिशवी.

“आबा! कावून आलाव? आन ही ट्रंक?”

“मंग? सामान आधी लावून घितो, मंग सूनबाईला धाडतो. कुठंशीक हाय खोली?”

“आजून दिली न्हाई, आबा. मॅडम बघू म्हणल्यात.”

“बघू म्हणल्या?” आबांनी ट्रंक खाली ठेवली. “म्हंजी निम्मं काम झालं की रे!”

मी त्यांना स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसवलं. हात जोडून सांगितलं, “आबा, मोठी मानसं येणार हायेत. निस्तं गप बसायचं.”

“म्या काय येडा हाय का बे?” आबा म्हणाले.

संध्याकाळी पंचवीसेक पाहुणे आले. मंद दिवे, अत्तराचा वास, कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेत नव्हतं. व्हायोलिनवाला सडपातळ, व्हायोलावाला चांगला भरलेला. दोघं समोरासमोर उभे राहून वाजवू लागले. बारीक आवाजात व्हायोलिन काहीतरी विचारायचं आणि व्हायोला घोगरं उत्तर द्यायचा.

आबा कुजबुजले, “भांडत्यात का रे?”

“न्हाई आबा, गाणं हाय त्ये.”

“नवरा-बायकूचं दिसतंय. बाई लई बोलती, गडी निस्ता हूं-हूं करतोय. लई खरं हाय!”

पहिला भाग संपला. दोघांनी कपाळं पुसली. दिवाणखान्यात चिडीचूप.

आता माझी चूक ऐका. एका रचनेचे तीन-चार तुकडे असतात, मधल्या शांततेत टाळी वाजवायची नसते, हे मॅडमनी माझ्याकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं. पण ते आबांना सांगायचं राहिलं! आमच्याकडं भजनात मृदंगवाल्याचा हात जरा थांबला तरी लोक ‘वा बुवा’ म्हणतात. इथं दोन गडी घामाघूम झालेले आणि समोर पंचवीस माणसं मख्ख!

“काय चुकलं का रे त्यांचं?” आबा कळवळले. “आरं, पाहुण्याचा आसा आपमान करत्यात व्हय?”

तेवढ्यात कटलेट करपल्याचा वास आला. मी गॅस बंद करून वळलो, तर स्टूल रिकामं. आबा दिवाणखान्याच्या मध्यावर, हातात पिशवी! पिशवीतून निघाला फेटा. जरीचा, केशरी. पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांना काही कळायच्या आत आबांनी त्यांच्या टकलावर चार वेढे टाकलेसुद्धा. मग फेट्याचा शेव पाठीवर सोडला, तुरा ताणला, हातात नारळ दिला आणि घसा खाकरला. पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं.

आमच्याकडं पुढाऱ्याकडून काम काढायची एक रीत आहे. विनंती करायची नाही, विनंती केली की तो ‘बघू’ म्हणतो. सरळ त्याला फेटा बांधायचा आणि जे काम झालेलंच नाही, त्याबद्दल भरसभेत त्याचे जाहीर आभार मानायचे. लोक टाळ्या वाजवतात आणि लाजेकाजेनं त्याला काम करावं लागतं. (असं आबा म्हणतात. ओढ्यावरच्या पुलाचे आभार आमच्या गावानं दर निवडणुकीला मानले. ओढा आम्ही अजून धोतर खोचूनच ओलांडतो.)

“समस्त माय-माउल्यांनो आन वडीलधाऱ्यांनो!” आबा म्हणाले. “ह्या दोन गड्यांनी लई ग्वाड वाजीवलं. तुमी टाळी वाजीवली न्हाई, तर तलवाडा गावाच्या वतीनं मी वाजीवतो!” आणि वाजवली. “दुसरं म्हंजी, सायबांनी आमच्या सूनंला आन नातीला ऱ्हायाला खोली दिली. नात हितं शाळंत जानार. त्याबद्दल सायबांचे आन बाईसायबांचे जाहीर आभार! ट्रंक आनलीच हाय!”

टाळ्यांचा कडकडाट! एका बाईंनी डोळे टिपले. “किती मोठं मन आहे तुमचं!” त्या मॅडमना म्हणाल्या. मॅडम हसल्या. लाकडी टेबलावर कुणी ओला ग्लास ठेवला की त्या हसतात, तसंच. उरलेला कार्यक्रम साहेबांनी फेट्यातच ऐकला आणि मागच्या दोन रांगांनी नुसता तुरा बघितला.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं, जमलं!

सकाळी मॅडमनी बोलावलं. “भागवत, खोली आम्ही देणारच होतो रे. पण चारचौघांत असं अडकवायचं? आता दिली तर दबावाखाली दिल्यासारखं होईल. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“थँक्यू मॅडम,” मी म्हणालो. (सवय!)

बाहेर आबा ट्रंकेवर बसले होते. “काय म्हणल्या?”

“तत्त्वाचा प्रश्न हाय म्हणल्या.”

“म्हंजी कवा मिळंल?”

“पुलासंगंच, आबा.”

आबांनी पिशवी खांद्याला लावली. स्टँडवर बीडच्या गाडीत मी ट्रंक चढवून दिली. गाडी हलता हलता त्यांनी खिडकीतून विचारलं, “लेका, मपलं भाषन वंगाळ झालं का रे?”

“न्हाई आबा. टाळ्या लई पडल्या.”

खोली काही रिकामी राहिली नाही. व्हायोलावाल्याला त्याच्या घरी सरावाला जागा नव्हती. मॅडमनी त्याला दिली, आणि तेच पाहुणे पुन्हा म्हणाले, किती मोठं मन! रोज संध्याकाळी तो तिथं हूं-हूं करतो. फोनवर पोरगी विचारते, “पप्पा, कोन वाजीवतंय?” मी म्हणतो, “आपल्या खोलीत वाजतंय, बाळा.”

परवा साहेबांनी हाक मारली. “भागवत, पुढच्या महिन्यात परत कार्यक्रम आहे. तुझ्या वडिलांना बोलावून घे. सगळे त्या फेट्याचीच आठवण काढतायत. फक्त भाषण नको म्हणावं.”

मी मान खाली घातली आणि म्हणालो, “थँक्यू साहेब.”

आबांनी न झालेल्या कामाचे आभार आयुष्यात एकदा मानले. मी रोज मानतो, आणि मला कुणी टाळीसुद्धा वाजवत नाही!