डोकं हलवायचं नाही

आमच्या ह्यांची साखर वीस वर्षांची, रक्तदाब त्याहून जुना. दोन्ही कधी मनावर घेतली नाहीत. पण एकादशीच्या भजनात अभंगाची दुसरी ओळ विसरले, तेव्हा मात्र तोंडचं पाणी पळालं. कुंभकोणमच्या आमच्या विठ्ठलमंदिरात तीस वर्षं भजन हेच चालवतात. डॉक्टर म्हणाले, साखर आणि रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही सोडत नाहीत, एमआरआय काढून बघू. घरी आल्यावर ह्यांनी एवढंच सांगितलं, की मेंदू बिघडला असेल तर भजन दुसऱ्याच्या हाती देईन.

मशीनमध्ये डोकं हलवायचं नाही, असं तमिळमध्ये चारदा बजावलं होतं. मशीन ठकठक करू लागलं आणि गृहस्थ डोलू लागले. तीनदा फोटो पुसट आले. तिथल्या बाई कावल्या. इतका छान ठेका चालू असताना मान स्थिर कशी ठेवायची, हा ह्यांचाच उलटा सवाल. खरं सांगते, मला हसूही आवरेना आणि भीतीही वाटत होती.

शेवटी बांगड्या, जोडवी, गळ्यातलं सगळं उतरवून, कानांत बोळे घालून मी आत गेले.

"ठेका मी धरते. तुम्ही नुस्ते निजा," म्हटलं आणि त्यांच्या तळपायावर बोटानं ठेका धरला. डोकं तसूभर हललं नाही.

फोटोत बारीक पांढरे ठिपके निघाले. ही वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाची खूण, डॉक्टर म्हणाले. आहेत ते जाणार नाहीत, पण गोळ्या चुकवल्या नाहीत तर वाढ रोखता येईल. भजन सोडायचं का, हे मीच विचारलं. ह्यांना धीर होईना. सोडू नका, पण एका वेळी एकच काम करा, असं उत्तर मिळालं.

आजवर हे गातही आणि टाळही स्वतःच वाजवत. टाळांना कुणाला हात लावू देत नसत. नवी नवरी असताना मी एकदा उचलले, तर हिला ठेका कळत नाही म्हणून चारचौघांत हसले होते. ते मी विसरलेले नाही. माझा मेंदू शाबूत आहे.

पुढच्या एकादशीला ह्यांनी टाळ काढले आणि ते घेऊन बायकांच्या रांगेत माझ्यापर्यंत चालत आले.

"ठेका तू धर, गे."

मी धरला. दुसरी ओळ आली, तिसरीही आली. मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले, पण पुसायलाही हात मोकळा नव्हता. डोकी मात्र दोघांचीही डोलत होती.