हजेरीतलं नाव

कापूस वेचून झाला, सरकी निघाली, तरी महिनाभर पदराला तंतू चिकटलेले सापडतात. अमरावतीच्या आमच्या लायब्ररीतले किस्से तसेच आहेत. झटकले तरी जात नाहीत. चार बायका जमल्या की एक तरी निघतोच!

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या भरात व्यापाऱ्यांनी एका रिकाम्या वखारीत लायब्ररी काढली. आमचे हे तिथे पुस्तकं सांभाळत. मागच्या खोलीत आम्ही राहायचो, हे, मी आणि दोन मुली. नोकरी आहे तोवर खोली, असं ठरलेलं. ह्यांचं नाव इथे लिहीत नाही. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

*

नोकरी तिथे कोणाचीच पक्की नव्हती. रोज सकाळी सेक्रेटरीसाहेब येत. ते कापसाचे अडत्ये, सगळा जीव बाजारात. दारातच उभे राहून कागदावरची नावं वाचत. आपलं नाव आलं की "जी!" म्हणायचं. ज्याचं आलं नाही त्यानं निमूट घरी जायचं. काढलं, असं तोंडानं कोणी सांगत नसे. साहेब मान वर करून बघतही नसत.

एकदा वाचता वाचता त्यांना शिंक आली आणि करीमचाचांचं नाव राहून गेलं. चाचा आमच्यातले सगळ्यात जुने. भाकरीचं गाठोडं उचलून गेले घरी. दुसऱ्या दिवशी नाव आलं.

"काल कुठं होतास रे?"

"काल मी नव्हतोच, साहेब. तुमीच तं ठरवलं!"

*

कापसाचा भाव उतरला तेव्हा गोविंदा गड्याचं नाव वाचणं बंद झालं. महिन्याभरानं भाव चढला, माणसाची गरज पडली, म्हणून सीताराम आला. पण नवा कागद लिहायचा साहेबांना भारी कंटाळा! कागदावर गोविंदा होताच, त्यांनी सीतारामलाच गोविंदा करून टाकलं.

सहा महिन्यांनी खरा गोविंदा काम मागायला आला, तो नेमका हजेरीच्या वेळी.

"गोविंदा!"

दोन कोपऱ्यांतून "जी!" आलं. साहेब कागदातूनच म्हणाले, "एकदाच!"

खरा गोविंदा मुकाट्यानं परत गेला. त्या दिवसापासून सीतारामची आई हाका मारून थकायची. सीताराम म्हटलं की तो वळायचाच नाही.

*

दर महिन्याला पुस्तकांची एक पेटी बैलगाडीनं अकोल्याच्या मेंबरांकडे जायची. हे सोबत जात. पेटी भरायची ह्यांची एक तऱ्हा होती. थोरली पुस्तकं खाली, मधे मधे कडुनिंबाची पानं, आणि सगळ्या पानांचे देठ एका बाजूला. दुसऱ्या कोणाला ते जमायचं नाही.

एका खेपेला अकोल्यात पटकीची साथ होती. पेटी परत आली, हे आले नाहीत. गाडीवानानं दारातच पागोटं काढलं.

पुढच्या महिन्यात पेटीबरोबर सीताराम गेला. भरताना चाचांनी पुस्तकं कशीही कोंबली होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. परत आल्यावर पेटी उघडली. थोरली पुस्तकं खाली. पानं हिरवीगार, आत्ता तोडल्यासारखी. देठ एका बाजूला.

"सीताराम, हे कोणी शिकवलं तुले?"

"काय शिकवलं, वहिनी? मेंबर गाव सोडून पळाले. म्या पेटी उघडलीच नाही!"

*

पण त्याच्याही आधीचं एक सांगायचं राहिलं.

गाडीवान बातमी घेऊन आला, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी आमच्या खोलीच्या दारातल्या पडद्याआड बसले होते. साहेबांना कोणी काही सांगितलं नव्हतं. ह्यांचं नाव गळालं की खोली गेली. नांदगावला भावाच्या घरी आधीच दहा माणसं, आम्हा तिघींना तो कुठे ठेवणार? साहेबांनी ह्यांचं नाव वाचलं. मी डोळे मिटून घेतले.

"जी!"

मागच्या कपाटाआडून आलं. मला वाटलं, चाचांनी दया केली. मग रोजच यायला लागलं. पंधरा दिवसांनी मी चाचांपुढे हात जोडले. म्हटलं, "तुमच्यामुळे आमच्या डोक्यावर छप्पर राहिलं."

चाचा दोन पावलं मागे सरले. "मी? मले तं वाटे, पडद्याआडून तुमीच आवाज काढून राहिल्या!"

*

लढाई संपली. भाव कोसळला. आधी गोविंदा हे नाव गेलं, म्हणजे सीताराम गेला. मग एका सकाळी चाचांचं नाव आलं नाही, आणि त्या दिवशी शिंकही आली नव्हती. कागदावर एकच नाव उरलं, ह्यांचं.

चाचा जाताना दारात थांबले. "बेटी, या लायब्ररीत नोकरी पक्की करायची असन तं आधी मरा लागते!"

आम्ही दोघंही हसलो. मग दोघांचंही लक्ष कपाटाकडे गेलं आणि चाचांनी गाठोडं उचललं.

झाडलोट मी करायची, पुस्तकं मी पुसायची. मेंबर म्हणत, "मागितलेलं पुस्तक तुमचा माणूस रोज बरोबर काढून ठेवतो हो!" मी नुसती मान हलवायची. पुस्तकं काढून ठेवणारी मी नव्हते.

*

शेवटी एका सकाळी साहेब हातात कुलूप घेऊन आले. पुस्तकं न्यायला गाडी दारात उभी होती. चाचा गाडी भरायला म्हणून एक दिवसाच्या कामावर आले होते. मी दोन्ही मुलींना घेऊन पडद्याबाहेर येऊन उभी राहिले.

"आजपासून हजेरी बंद," साहेब म्हणाले. "खोली संध्याकाळपर्यंत मोकळी करा."

"जी!" कपाटाआडून आलं.

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "मी तर नाव घेतलंच नाही."

ते कपाटाआड जाऊन बघून आले. तिथे भिंत होती. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि ह्यांचं नाव वाचलं.

काहीच आलं नाही.

पुन्हा वाचलं, मोठ्यानं. चाचा माझ्याकडे बघत होते. धाकटीनं माझा पदर घट्ट धरला होता.

नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत. त्या नावाला ओ देऊ नये, असं मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

"जी!" मी म्हणाले.

साहेबांनी कागदावर खूण केली आणि कुलूप खिशात टाकलं.