नुसतं मोठं आतडं काढून भागणार नाय

ज्या पोटापायी कॉलेज सुटलं, त्याच्या दुखण्याला आज सकाळी नाव मिळालं आणि सगळं बदललं. डॉक्टर म्हणाले, "आतड्यांचाच आजार आहे, पण अल्सरेटिव्ह कोलायटिस नाही, क्रोन्स आहे."

दुपारी गुलमंडीला पल्लवीच्या घरी लग्नाचं बोलायला गेलो.

माझ्या आतड्याच्या आजाराचं ऐकून तिचे पप्पा म्हणाले, "आमच्या साडूला तो कोलायटिस होता. मोठं आतडं काढलं, आता लग्नात मटण हाणतोय. तू बी काढ, मग बघू."

नुसतं 'व्हय' म्हणलो असतो तर जमलं असतं. तुम्ही म्हणला असता का?

मी म्हणलो, "काका, त्यांचा आजार मोठ्या आतड्यातच असतो. माझा तोंडापासून खालपर्यंत कुठंबी निघतो. कापलं तरी दुसरीकडं येतो. औषधानं दबतो, जात नाय."

"मग आलास कशाला?"

डोकं लई तापलं. पण आतल्या दारात पल्लवी उभी होती.

"तिला खरं कळावं म्हणून," म्हणलो. बाहेर पडलो आणि दार हळूच लावलं.