बाकाखालची मुलगी

तिसरीच्या बाईंना अख्खी शाळा 'फौजदारबाई' म्हणायची, आणि बाईंना ते मनातून आवडायचं. पोर वेडंवाकडं वागलं की पहिल्या बाकावर आणायचं. तरी सुधारलं नाही तर वडिलांना बोलवायचं. इतका सरळ त्यांचा कायदा. केस पांढरे झाले, कायद्यात काडीचा फरक पडला नाही. पडायला हवा होता.

त्या वर्षी वर्गात एक आईविना पोर आली. शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसायची. बाईंनी तिला पहिल्या बाकावर आणलं. तिथं मागून कोणी गेलं की ही थेट बाकाखाली. वर्ग फिदीफिदी हसायचा. पोर असं का करते, हे विचारायचं बाईंना सुचलंच नाही. वर्गापुढे आपली शोभा होतेय, एवढंच त्यांना दिसत होतं.

त्यांनी वडिलांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर.

"काळजी करू नका, बाई. उद्यापासून तक्रार येणार नाही."

जाताना त्यांनी लेकीच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, तशी तिची मान खांद्यात शिरली. बाईंनी ते पाहिलं आणि मनात म्हणाल्या, चला, घरी धाक आहे म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मुलगी पहिल्या बाकावर ताठ. मागून पोरं धावली तरी हलली नाही. मधल्या सुट्टीत गणिताच्या सरांनी हात जोडले, "फौजदारबाई, मानलं तुम्हाला!" बाई चक्क लाजल्या.

मग शुद्धलेखन सुरू झालं आणि पोरीनं पेन्सिल डाव्या हातात धरली. उजवा हात मांडीवर पडलेला, मनगट सुजून टम्म.

"काय झालं गं?"

"दारात सापडला." मग हळूच, "बाई, आता मी नीट बसते ना?"

बाईंना कालची ती खांद्यात शिरलेली मान आठवली. तशाच उठून त्या मुख्याध्यापिकेकडे गेल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टर आले, पोलीस आले, चौकशी झाली. शेवटी दूरच्या गावची मावशी पोरीला न्यायला आली.

दाखला देताना बाई पोरीसमोर खाली बसल्या. हात मात्र त्यांनी पाठीमागेच ठेवले.

"चुकलं गं माझं, बाळा."

पोर मावशीच्या आड सरकली आणि तिला विचारू लागली, "मावशी, तिथल्या बाईपण बाबांना बोलावतात?"